वजा चौदा

आगरवाड्यात, मिठागरांच्या बांधाला लागून
एक खोली. पूर्वी इथे रिकामी पोती ठेवत.
आता एक टेबल, कुरकुरणारा पंखा,
आणि तू मागे ठेवून गेलेला
सहाशे अकरा ओळींचा कोड,
प्रज्योत.

तुला मी कधी भेटले नाही.
तू ठेवलेल्या नावांवरून ओळखते, तेवढंच.
एक्स, एक्स दोन, एक्स दोन नवा,
एक्स दोन नवा खरा.
एका रंगाचं नाव रंग सात,
रंग सहा कुठेच नाही.
आणि मधोमध एक शेरा: याला हात लावू नये.
याला म्हणजे कशाला, ते लिहायचं राहिलं.

मानशीच्या दाराशी पाणी किती चढलं,
किती खारट झालं, एवढंच तर काढायचं होतं.
बारा महिन्यांची बारा चित्रं,
आणि त्याच पंचेचाळीस ओळी बारा वेळा उतरवलेल्या.
फेब्रुवारीतली चूक फक्त फेब्रुवारीत.
तुला कंटाळा कसा आला नाही रे?

मी सोपं करत गेले.
बारांचं एक केलं: महिना दे, चित्र घे.
मग नावं. यंत्राला मराठीची अडचण नव्हती,
चित्राला होती.
अक्षावर ‘स्थिती’ लिहिलं की पहिली वेलांटी
थ ओलांडून पलीकडे जाऊन बसे,
जोडाक्षर पाय मोडून पडे.
म्हणून ऱ्हस्व वेलांटी वगळली, जोडाक्षरं वगळली,
आणि चाळणीत उरले ते शब्द
मानशीवरच्या रुजारच्या तोंडचे निघाले:
भरती, सुकती, खार, दार.

सहाशे अकराच्या शहात्तर झाल्या.
त्या रात्री मी एकटीच चहा प्याले, दोन कप.

एका ओळीत पाण्यातून चौदा वजा होत होते.
का, ते नव्हतं लिहिलेलं.
कारण नाही तर ओळ नाही, म्हटलं, आणि पुसली.
चित्र फार देखणं आलं.

रुजार दारातूनच बघून म्हणाला,
‘एवढं पाणी? मग माझी चप्पल गेली असती की वाहून.’
आणि मला मानशीवर घेऊन गेला.

तिथे चिऱ्यांवर त्याचा कोळसा.
प्रत्येक मोठ्या भरतीला एक रेघ,
रेघेशेजारी दिवस,
अमावास्येला काळा टिळा, पुनवेला पोकळ.
शिकवावं लागलं नाही काही. मी नुसती उभी राहिले
आणि वाचता आलं.

चिऱ्यांखाली आमची मोजपट्टी.
‘होडी आपटली, जुनी मोडली,’ तो म्हणाला,
‘नवी ठोकली ती खाली बसली. एवढी.’
त्याने अंगठा आणि तर्जनी ताणून दाखवली.
‘तुमच्या त्या पोराला सांगितलं होतं.
मान हलवून गेला.’

म्हणजे तुला माहीत होतं, प्रज्योत.
तू ऐकलंस, वजा केलंस, बरोबर केलंस,
आणि कारण तेवढं खिशात घालून गेलास.

मी परत येऊन चौदाला नाव दिलं: पट्टी खाली.
वर लिहिलं,
होडी आपटून पट्टी मोडली, नवी चौदा सेंटीमीटर खाली आहे.
शंका आली तर रुजारला विचारा,
मानशीवर, सुकतीच्या वेळी, तेव्हा तो मोकळा असतो.
आणि त्याचा काळा टिळा चोरला, पोकळही.
शहात्तरच्या ब्याऐंशी झाल्या. होऊ देत.

कागदावर छापून नेलं.
त्याने चष्मा काढला, कागद नाकाशी धरला,
बोट रेघेवरून हळूहळू नेलं
आणि एका टोकावर थांबवलं.
‘इथे टिळा नाही,’ म्हणाला,
‘पाऊसही नव्हता. दार मी लावलेलं होतं.
मग पाणी चढलं कुठून?’

मला माहीत नव्हतं.
मी वाकून त्याच्या बोटाखाली बघत राहिले.